विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे आणि पुण्याच्या पेठा

गुहागर तालुक्यातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणारी काही मुले येथील खरे-ढेरे-भोसले महाविद्यालयात राहतात, काही चिपळूण-रत्नागिरीस जातात, तर काहींची दृष्टी पुण्याकडे असते. तेथे प्रवेशाइतकाच बिकट प्रश्न बिऱ्हाडाचा. परंतु ज्या आळीत आपला मुलगा राहावयास जातो, त्या आळीचे त्यामुळे काय होते, याचा विचार पालक सहसा करीत नाहीत. तो आम्ही येथे थोडक्यात करणार आहो.

इ. स. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, त्या काळी गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत असे. इ. स. १९०९ चे अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, अशाच मुलांच्या निकडीतून निघाले. या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. तथापि ती मुख्यत्वे एकाच जातीच्या मुलांपुरती होती, हे विसरून चालणार नाही. इतर जातींच्या अथवा आमच्या ख्रिस्ती मुलास त्या घरांची ओसरीही दुर्लभ होती. म्हणूनच शाहू छत्रपतींनी इ. स. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारविली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी इ. स. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. एवढे मात्र खरे की, वाराच्या घरास मुलाचे नाव, गाव व परीक्षेचा निकाल ठाऊक असे.

इ. स. १९४९ त पुणे विद्यापीठ स्थापन झाले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील वाडे पडले. पुढे उरलेल्यांच्याही जागी मजल्यांच्या इमारती आल्या. आज सदाशिव, नारायण व नवी या पेठांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांहूनही स्पर्धा परीक्षांचे उमेदवार अधिक डोळ्यांत भरतात. येथे घरमालकाचा हिशेब साधा आहे. एका खोलीत चार खाटा टाकून प्रत्येकीचे भाडे निराळे घेतले, की ते एका कुटुंबाच्या भाड्याहून सहज अधिक भरते. शिवाय विद्यार्थी वर्षा-दोन वर्षांत निघून जातो, तेव्हा जागा अडकण्याचे भय नाही. मग साध्या नोकरदाराच्या कुटुंबाने कोथरूडची किंवा त्याहून दूरची वाट धरावी, यात नवल ते काय? मागे राहतात म्हातारी माणसे, जिन्याखाली दुचाक्यांची दाटी आणि पाण्यावरून होणारे तंटे.

लाभही थोडा नाही. खानावळी, अभ्यासिका, पुस्तकांची दुकाने यांवर कित्येक संसार चालतात. कित्येक विधवा बाया डबे देऊन मुले शिकवितात. इ. स. २०२० च्या टाळेबंदीत विद्यार्थी गावोगाव परतले आणि या साऱ्यांच्या चुली एकदम थंडावल्या. जी आळी मुलांच्या गलबल्याने त्रासली होती, तिलाच आपण त्यांच्यावर किती विसंबून आहो हे तेव्हा उमगले.

इंग्लंडात लीड्स शहराच्या हेडिंग्ले भागाची हीच कथा आहे. कुटुंबाचे घर सामायिक बिऱ्हाडांसाठी फिरविण्यास परवानगी सक्तीची करण्याचा अधिकार तेथील स्थानिक संस्थांस इ. स. २०१० पासून आहे. हा निर्बंध आज पुण्यात आणावा, असे आम्ही म्हणणार नाही. कारण त्याचा पहिला फटका कोकणातून ट्रंक घेऊन आलेल्या गरीब मुलास बसेल. आधी महाविद्यालयांनी व सरकारने पुरेशी वसतिगृहे बांधावी, मग घरमालकांस नियम लावावे.