राज्यपालांची विशेष जबाबदारी आणि मराठवाडा

मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन ही बाजारपेठ आहे. हा सारा मुलूख 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्यास राज्यपाल नव्हता. 1950 पासून तेथे ‘राजप्रमुख’ होते व ते पद खुद्द निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे होते. वैजापूर ओलांडून नाशिक जिल्ह्यात पाऊल टाकले की मात्र मुंबई राज्याच्या राज्यपालांची हद्द लागत असे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने राजप्रमुखपद रद्द झाले. त्याच घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371 मध्ये एक तरतूद आणली व मराठवाड्याच्या बाबतीत राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपविण्याचा मार्ग खुला केला. ही बाब फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

राज्यपालांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ते केवळ शोभेचे पद वाटते, तर काहींना केंद्राने राज्यावर नेमलेला सुभेदार. वस्तुस्थिती या दोहोंहून निराळी आहे. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो व राज्यकारभार तोच पाहतो. आपल्या संविधान सभेपुढेही निर्वाचित राज्यपालाचा प्रस्ताव होता. परंतु निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे एकाच राज्यात उभी राहतील, हे ओळखून 1949 मध्ये तो बाजूस सारण्यात आला. राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंत राज्यपाल पदावर राहतात. संविधानाने स्वविवेकासाठी राखून ठेवलेले विषय सोडल्यास राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

या सर्वसाधारण नियमाच्या जोडीला महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांसाठी अनुच्छेद 371 (2) आहे. त्यानुसार राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करणे आणि त्यांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे, विकासखर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप करणे, तसेच तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्यसेवेतील नोकऱ्या यांची पुरेशी सोय तिन्ही प्रदेशांत न्याय्य रीतीने पाहणे, असे तिचे स्वरूप आहे. 1953 च्या नागपूर कराराने मराठवाडा व विदर्भास जी आश्वासने दिली होती, त्यांना येथे घटनात्मक आधार मिळाला.

तथापि हा आधार अडतीस वर्षे कागदावरच राहिला. दरम्यान 1983 मध्ये राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी क्षेत्रांत जो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या मागे असेल, त्याची तूट भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे ‘अनुशेष’ होय. समितीने हा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटींचा होता. जिल्हा हाच घटक धरल्यामुळे उर्वरित महाराष्ट्रातील मागास जिल्ह्यांचाही अनुशेष निघाला, ही गोष्ट वादाच्या भरात बहुधा विसरली जाते.

अखेर मार्च 1994 मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना 1 मे 1994 रोजी तिन्ही वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 च्या स्थितीवरून नव्याने हिशेब मांडला, तो सुमारे 14,007 कोटींवर गेला. त्यात मराठवाड्याचे सुमारे 4,005 कोटी होते. 2001 पासून राज्यपाल वार्षिक योजनेतील निधीवाटपाबाबत शासनास निदेश देऊ लागले.

पंचायत सदस्यांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. राज्यपालांचा हात वाटपापर्यंत पोहोचतो, कामापर्यंत नाही. एखाद्या गावचा बंधारा वा रस्ता मंजूर करणे हे त्यांचे काम नव्हे. ते जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती व संबंधित खात्याचे आहे.

शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत तालुका झाकला जातो. जायकवाडीचेच पाहा. जलाशयाच्या फुगवट्याखाली गंगापूर तालुक्यातील जमीन गेली, पण धरणाचे कालवे निघाले ते पैठणपासून खाली. आकडेवारीत सिंचन जिल्ह्याच्या नावे जमा होते, गंगापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर ते दिसत नाही. 2013 मध्ये अहवाल देणाऱ्या डॉ. विजय केळकर समितीने तालुका हा घटक मानण्याची शिफारस केली, ती आमच्या मते या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी होती.

विकास मंडळांची वाढवत नेलेली मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय घेतला. अनुच्छेद 371 (2) संविधानात जसाच्या तसा आहे. मात्र त्यातील जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशानेच राज्यपालांकडे येते आणि त्या आदेशाची मुदत पुढे न्यावयाची असेल, तर प्रस्तावाचा प्रवास मुंबईहून दिल्लीपर्यंत व्हावा लागतो.