आधी मांड, मग उडी

क्लिनिक म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारख्या डॉक्टरचे टेबल आणि बाहेर ताटकळणारे रुग्ण उभे राहतात. अश्वारोहणाच्या जगात हा शब्द निराळ्या अर्थाने रुळला आहे. अनुभवी प्रशिक्षक दोन-तीन दिवसांसाठी येतो, चार-पाच स्वारांचा गट घेतो, प्रत्येकाची बैठक तपासतो, दोष सांगतो आणि व्यायाम देतो. त्यालाच ‘जम्पिंग क्लिनिक’ म्हणतात. निदान आणि उपचार तेथेही असतात, औषध तेवढे नसते.

मुंबई-पुण्याकडे घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे पालक मला अधूनमधून विचारतात, ‘‘डॉक्टर, घोड्यावर बसते छान, पण उडी म्हटली की घाबरते. हिचे धाडस कसे वाढवावे?’’ अशा वेळी मी प्रथम मुलीच्या घोट्याविषयी विचारतो. पालकांना आश्चर्य वाटते. परंतु त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे.

चार-पाचशे किलो वजनाचा प्राणी अडथळा ओलांडतो तेव्हा त्याची पाठ खालून वर उसळते, मान पुढे लांबते आणि जमिनीवर उतरताना मोठा धक्का बसतो. तो धक्का पचवण्यासाठी स्वाराजवळ खुबा, गुडघा आणि घोटा हे तीन सांधे असतात. पावलाचा रुंद भाग रिकिबीवर आणि टाच किंचित खाली असेल, तर घोटा स्प्रिंगसारखे काम करतो. भीती वाटली की ॲड्रिनलीन वाढते, श्वास रोखला जातो, स्नायू आखडतात आणि गुडघे खोगिराला घट्ट आवळले जातात. आवळलेला गुडघा बिजागरीसारखा होतो. पोटरी मागे सरकते, टाच वर येते, धड पुढे कोसळते. तोल सावरण्यासाठी मूल लगामाला लोंबकळते. घोड्याचे तोंड दुखते आणि पुढच्या वेळी तो अडथळ्यापाशी थबकतो. ‘घोडा थांबतो, मी पडते’ ही मुलीची समजूत मग अनुभवानेच पक्की होते. हे चक्र तोडायचे तर ‘घाबरू नकोस’ या उपदेशाचा उपयोग नाही. मांड सुधारावी लागते.

आपल्याकडे ‘पक्की मांड’ हा शब्द पूर्वापार आहे. उडीची मांड मात्र फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील लष्करी स्वार उडीच्या वेळी मागे रेलत. फेडेरिको काप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने रिकीब आखूड करून, शरीर पुढे झुकवून घोड्याची पाठ आणि मान मोकळी सोडण्याची पद्धत रुजवली. काप्रिली 1907 मध्ये घोड्यावरून पडूनच निवर्तला. त्याची पद्धत जगभर स्वीकारली गेली.

चांगल्या क्लिनिकमध्ये पहिला दिवस बहुधा कंटाळवाणा असतो, आणि तो तसाच असावा. रिकीब एक-दोन भोके आखूड केली जाते. दुडक्या चालीत बूड खोगिरावरून उचलून, एका हाताने आयाळ किंवा गळपट्टा धरून फेऱ्या मारायच्या. मग जमिनीवर सुमारे साडेचार फुटांच्या अंतराने ठेवलेल्या काठ्यांवरून जायचे. त्यानंतर दोन काठ्यांची फुली, मध्यभागी गुडघ्याहूनही ठेंगणी. पुढे मोजून मांडलेल्या लहान अडथळ्यांची रांग येते. तेथे घोडा स्वतःच पावले जुळवतो, स्वाराने फक्त तोल राखायचा. नजर समोरच्या झाडावर ठेवायला सांगतात, कारण काठीकडे पाहताच डोके झुकते आणि त्यामागोमाग खांदे. पावले मोठ्याने मोजायला लावतात. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, ही युक्ती मला फार आवडली.

माझ्याकडे येणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलीने, पडून मनगट दुखावल्यानंतर, उडीचे नावच टाकले होते. क्लिनिकचा पूर्ण पहिला दिवस तिला केवळ काठ्यांवरून चालवले. ‘‘एवढे पैसे भरून काठ्या तुडवल्या!’’ अशी वडिलांची कुरकुर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फुली ओलांडली, आणि उडी संपल्याचे तिला नंतर कळले. हीच गोष्ट पहिल्याच दिवशी रागावून करवून घेता आली असती. पण मग तिसऱ्या दिवशी ती पागेकडे फिरकली असती का, याविषयी मी साशंक आहे.

एका बाबतीत मात्र मी घोडेस्वारांच्या जुन्या रिवाजाशी असहमत आहे. ‘पडल्यावर लगेच पुन्हा घोड्यावर बसा’ हा सल्ला खरचटण्यापुरता ठीक. डोक्याला मार लागून मळमळ, चक्कर, डोकेदुखी, गोंधळ किंवा विसरभोळेपणा यांपैकी काहीही आढळले, तर त्या दिवशी पुन्हा खोगीर नाही, आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याखेरीज उडी नाही. वारंवार उलट्या, शुद्ध हरपणे किंवा वाढती झापड असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. टाच असलेले बूट घालावेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस चुकली असेल तर क्लिनिकचे शुल्क भरण्यापूर्वी ती घ्यावी.

घोट्यासाठी घरीही व्यायाम करता येतो. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर कठडा धरून, पावलांचा पुढचा भाग टेकवून उभे राहावे आणि टाचा सावकाश खाली सोडाव्यात. पोटरीला ताण जाणवला की वीस-तीस सेकंद थांबावे. झटके देऊ नयेत. गुडघे किंचित वाकवून हाच व्यायाम पुन्हा करावा. रोज तीन-चार वेळा पुरे. दुखू लागल्यास थांबावे.