सिलिकॉनची टोकं आणि त्यांना लागणारा लगाम

जुना रेडिओ लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे. तापल्याशिवाय आतले इलेक्ट्रॉन बाहेरच पडत नसत. पण थंड पृष्ठभागातूनही ते निघतात. त्याचं गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडलं: विद्युतक्षेत्र दर नॅनोमीटरला काही व्होल्ट इतकं तीव्र झालं, की इलेक्ट्रॉन ऊर्जेची भिंत न चढता आरपार जातो. यालाच क्षेत्र-उत्सर्जन म्हणतात. त्यासाठी लाखो व्होल्ट लागत नाहीत, टोक मात्र अतिशय अणकुचीदार हवं.

कॅलिफोर्नियात चार्ल्स स्पिंट यांनी १९६८ मध्ये अशा टोकांसाठी मॉलिब्डेनमचे सूक्ष्म शंकू वापरले. सिलिकॉन घेतलं तर चिप बनवण्याची सगळी विद्या आयती हाताशी येते. वेफरवर ऑक्साइडच्या चकत्या ठेवून प्लाझ्माने खालचं सिलिकॉन कोरत जायचं, मान बारीक झाली की वेफर भट्टीत. तिथे वक्र भागावर ताणामुळे ऑक्साइड सावकाश वाढतो, म्हणून आत उरणारं सिलिकॉन आणखी टोकदार होत जातं. हायड्रोफ्लोरिक आम्लाने ऑक्साइड काढला की उरतं काही नॅनोमीटर त्रिज्येचं टोक. धार लावायला हत्यारच नाही! मला तरी ही पायरी सगळ्यात देखणी वाटते.

गोची पुढे आहे. सगळी टोकं सारखी होत नाहीत, आणि धारेतल्या किंचित फरकानेही प्रवाह कित्येक पटींनी बदलतो. सर्वांत तीक्ष्ण टोक सर्वांत जास्त प्रवाह ओढतं, तापतं, वितळतं आणि जाताना शेजारच्यांनाही उद्ध्वस्त करतं. एमआयटीत टायो अकिनवांडे यांच्या गटाने प्रत्येक टोकाखाली सिलिकॉनचा सुमारे १० मायक्रोमीटर उंच, ०.२ मायक्रोमीटर जाड खांब ठेवला. हावरट टोकाला हा खांबच आवरतो. दोन टोकांमध्ये १ मायक्रोमीटर अंतर धरलं तर चौरस सेंटीमीटरला १० कोटी टोकं बसतात. प्रत्येकाने १ मायक्रोअँपिअर दिला, तर हिशेब १०० अँपिअरवर जातो.

चाचणी हे चिकाटीचं काम. कक्ष तापवून भिंतींना चिकटलेली वाफ काढायची, अतिनिर्वात साधायचा, मग गेटचा, म्हणजे टोकांभोवतीच्या इलेक्ट्रोडचा, व्होल्टेज हळूहळू चढवायचा. प्रवाह समोरच्या अॅनोडला पोहोचतो की गेटमध्येच गळतो, हे वेगवेगळं मोजावं लागतं. प्रवाह आणि व्होल्टेज यांचं नातं दाखवणारा फाउलर-नॉर्डहाइम आलेख सरळ रेषेत आला तर उत्सर्जन खरं. खांब असलेल्या उपकरणात ही रेषा पुढे वाकते, म्हणजे लगाम लागला. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही नॅनोपदार्थांचं क्षेत्र-उत्सर्जन तपासलं जातं.

क्ष-किरण नळ्या आणि सूक्ष्मलहरी प्रवर्धक यांसाठी हे टोकांचे कॅथोड उपयोगी ठरू शकतात. पण उच्चांकी प्रवाहाच्या आकड्यांवर भाळू नये. उरलेले वायुरेणू आयन होऊन टोकांवर आदळतच राहतात, आणि तापणारा जुना कॅथोड हजारो तास चालतो. नव्याला त्याच कसोटीला उतरावं लागेल.