पूररेषेच्या अलीकडे, पलीकडे

फराळाचं सामान आणायला ओक ट्री रोडवर आपण सगळेच जातो. या रस्त्याचा इझलिनकडचा भाग वूडब्रिज टाउनशिपमध्ये येतो. त्याच टाउनशिपमध्ये, तिथून काही मैलांवर वूडब्रिज नदीकाठची एक वस्ती आहे. तिथे आता बऱ्याच घरांच्या जागी गवत आणि झाडं दिसतात. ऑक्टोबर 2012 मधल्या सँडी वादळानंतर न्यू जर्सी राज्याने ‘ब्लू एकर्स’ योजनेखाली तिथली शंभराहून अधिक घरं विकत घेऊन पाडली. ती जमीन कायमची मोकळी राहणार आहे, म्हणजे पुराचं पाणी पसरायला जागा राहील.

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्या गप्पा बहुधा ‘खरं की खोटं’ इथेच अडकतात. मोजमापं मात्र स्पष्ट आहेत. अटलांटिक सिटीजवळ समुद्राची पातळी 1911 ते 2019 या काळात सुमारे 18 इंच वाढली. जागतिक सरासरी याच्या निम्म्याहून कमी आहे. इथली जमीनही खचते आहे, म्हणून हा फरक. खरा वाद त्यापुढचा आहे: पाणी येणार हे मान्य केलं, तर हलायचं कुणी आणि खर्च कुणी सोसायचा?

‘ब्लू एकर्स’मध्ये सक्ती नाही. स्वखुशीने विकणाऱ्याचंच घर घेतात. सँडीनंतर तर वादळाआधीची किंमत धरून पैसे दिले गेले. तरी आक्षेप आहेतच. चार घरं जातात, पाचवं थांबतं, आणि त्या एका घरासाठी रस्ता, गटार, दिवे चालू ठेवावे लागतात. गावाचा मालमत्ता कर बुडतो. मिळालेल्या पैशात त्याच शाळेच्या हद्दीत दुसरं घर मिळेलच असंही नाही.

माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, भावाच्या दुकानात छतापर्यंत चढलं. त्यानंतर 41 दिवसांनी, 1 सप्टेंबरला, आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत हाहाकार उडवला. राज्यात सुमारे 30 माणसं गेली. कित्येकजण गाडीतच अडकले होते.

महाराष्ट्रात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे निर्बंध. चिपळूणकरांचं म्हणणं, आधी नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा. “बाजार उंचावर न्या म्हणणं सोपं आहे गं ताई, पण गिऱ्हाईक चढून येणार का?” हा भावाचा प्रश्न. दुकान घेऊन त्याला योग्य दाम देईल असं कुणी त्याच्या दारी आलेलं नाही.

मला वाटतं, बाहेर पडायची वाट न देता नुसती रेषा आखणं म्हणजे तिथे राहणाऱ्याला शिक्षा. आणि रेषाच लपवली, तर ती पुढच्या घेणाऱ्याची फसवणूक. दोन्ही हवं: खरी रेषा आणि रास्त मोबदला. तोही एकेका घराला नव्हे, जमेल तिथे अख्ख्या गल्लीला एकत्र.

न्यू जर्सीने 2023 मध्ये नदीकाठच्या नव्या बांधकामासाठी पुराची पातळी दोन फूट वर धरण्याचा नियम केला. घरं महागतील, असं बांधकाम व्यावसायिक म्हणाले. महागतीलही. पण आज वाचवलेला तो खर्च उद्या घर घेणाऱ्याच्या आणि करदात्याच्या माथी येतो.

आपल्यातली तरुण मंडळी आता घरं शोधताहेत, म्हणून थोडं कामाचं सांगते. मार्च 2024 पासून या राज्यात घर विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्यानेही पुराचा धोका लेखी सांगणं बंधनकारक आहे. तो कागद मागा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो, तेव्हा वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही. आणि आईबाबांसाठी सांगली, कोल्हापूर किंवा चिपळुणात फ्लॅट बघत असाल, तर पार्किंग आणि लिफ्ट विचारण्याआधी पूररेषेचा नकाशा मागा.