दोन जीबी मेमरी मुरली कुठे?

खोक्यावर ८ जीबी, पावतीवर ८ जीबी. आणि सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं की कंसात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: वापरण्याजोगी ५.९ जीबी! देवळीतल्या सेवा केंद्रावर असो की वर्ध्याच्या होस्टेलवर, हा कंस पहिल्यांदा दिसला की माणसाला आधी दुकानदाराचाच संशय येतो.

बहुतेक वेळा दुकानदार बिचारा निर्दोष असतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपला, म्हणजे जीपीयूला, स्वतःची वेगळी मेमरी नसते. मग विंडोज जागं व्हायच्या आधीच बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम, तिच्यासाठी रॅममधला एक तुकडा बाजूला काढून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' उघडा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'समोर गायब झालेला आकडा सापडेल. एकूण रॅमच ८ ऐवजी ४ दिसत असेल, तर मात्र पावती घेऊन दुकानात जाच.

इंटेलच्या इंजिनिअरांनी तर या तुकड्याचं नाव ठेवताना भीडभाड ठेवली नाही. लिनक्समधल्या त्यांच्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये त्याला सरळ 'स्टोलन मेमरी', चोरीची मेमरी म्हणतात. त्या नावाची फाइलसुद्धा आहे.

एका पडद्याचा हिशेब

१९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. एक चित्र झालं ८२,९४,४०० बाइटचं. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइट वाचायचे. सातबारा उघडा ठेवून तुम्ही चहाला गेलात तरी साधारण हेच चालू! शिवाय एक चित्र दिसत असताना पुढचं तयार होत असतं, त्यामुळे जागा किमान दोन चित्रांची लागते. ब्राउझरच्या टॅबचा खर्च वेगळा.

१९८१च्या आयबीएम पीसीवर अख्खा मजकुराचा पडदा ४,००० बाइटमध्ये मावायचा. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक घराला २ बाइट: एक अक्षराचा, एक रंगरूपाचा. रोमन अक्षरांचं त्यात भागलं. आपल्या 'देवळी'चं काय करणार? एक मात्रा डोक्यावर, एक वेलांटी मागून वळून वर, आणि घराची चौकट ठरलेली. यावर तोड निघाली ती जिस्ट कार्डाची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम मोहन तांबे यांनी पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत नेलं. पीसीत हे कार्ड खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. मराठी माणसाने ग्राफिक्सच्या इतिहासात मिरवावं असं हे काम आहे, आणि आपण ते फारसं मिरवत नाही.

पत्ता नाही, नंबर घ्या

आता ड्रायव्हरकडे वळू. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसलेला हा प्रोग्रॅम. चित्र जीपीयू काढतो; कोणाला किती जागा, किती वेळ आणि कुठे, हा हिशेब ड्रायव्हरचा. गंमत म्हणजे जागा मागणाऱ्या प्रोग्रॅमला तो पत्ता देतच नाही, नुसता नंबर देतो. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर गाड्या लागतात तेव्हा हातातला टोकन नंबर तोच राहतो, गाडी आवारात कुठेही सरकवा, तसंच हे. नंबर कायम ठेवून ड्रायव्हर आतल्या आत माल हलवत असतो.

लिनक्समध्ये ही पद्धत रुळवली ती जेम नावाच्या व्यवस्थेने. कीथ पॅकार्ड आणि एरिक ॲनहोल्ट या इंटेलच्या दोघांनी ती लिहिली आणि डिसेंबर २००८च्या २.६.२८ आवृत्तीत ती आली. टीटीएम नावाची दुसरी व्यवस्थाही तेव्हा दारात उभी होती. तिला २००९मध्ये प्रवेश मिळाला. जिंकलं कोण? दोघीही. एएमडीचा आजचा ड्रायव्हर बाहेरून जेम आणि आतून टीटीएम आहे.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली की टीटीएम सगळ्यात जास्त वेळ न वापरलेला माल उचलून साध्या रॅममध्ये टाकते. पण जीपीयू त्याच मालावर काम करत असेल तर हात लावायची सोय नाही. 'फेन्स' नावाचा इशारा येईपर्यंत थांबावं लागतं. गेम मध्येच अडखळतो त्यामागे बऱ्याचदा ही हलवाहलव असते.

जागा दुसऱ्याला देण्याआधी ती पुसायलाही हवी. २०१६मध्ये एका विद्यार्थ्याने मॅकवर डायब्लो ३ हा गेम सुरू केला आणि पडद्यावर झळकलं ते त्याने काही तासांपूर्वी क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत पाहिलेलं पान. इन्कॉग्निटो इतिहास लिहीत नाही हे खरं, पण जीपीयूच्या मेमरीतलं जुनं चित्र कोणी पुसलंच नव्हतं.

थोडं इकडचं तिकडचं

कॅमेऱ्यातलं चित्र नक्कल न करता पडद्यापर्यंत पोचवणारी डीएमए-बफ ही सोय सुमित सेमवाल यांनी लिहिली. २०१२मध्ये ती लिनक्समध्ये आली आणि आज अँड्रॉइड फोनही ती वापरतात.

दोन जीपीयूंनी काम वाटून घेण्याच्या लिनक्समधल्या सोयीचं नाव प्राइम. एनव्हिडियाच्या तशाच सोयीचं नाव ऑप्टिमस. ट्रान्सफॉर्मर्स पाहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

२०२०मध्ये लिनक्स कर्नलच्या दर दहा ओळींमागे साधारण एक ओळ एकट्या एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची होती. त्यातल्या बहुतेक ओळी माणसाने लिहिलेल्या नव्हत्या, यंत्राने काढलेल्या याद्या होत्या.

त्याच वर्षी सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. त्यात ३३६ जीपीयू, आणि एकेकाची स्वतःची मेमरी किमान ४० जीबी. तिथे रॅममधून चोरी करायची गरजच नाही.

जाता जाता: टास्क मॅनेजर 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून रॅमचा जवळजवळ निम्मा आकडा दाखवतो. तो पाहून घाबरू नका, ती फक्त कमाल मर्यादा आहे. वापर होईपर्यंत ती रॅम तुमचीच. खरा कापला जातो तो बायोसने राखलेला तुकडा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' असा पर्याय असतो. गेम खेळत नसाल तर तिथे २ जीबीऐवजी ५१२ एमबी ठेवा, दीड जीबी परत मिळेल.