कोकणातील इस्लामचा आरंभ: ग्रंथ, ताम्रपट आणि शिळा

कोकण किनाऱ्यावर इस्लाम केव्हा आला, या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर बलाजुरी या अरब इतिहासकाराच्या ग्रंथात मिळते. खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत, इ.स. ६३६ च्या सुमारास, बहरीन आणि ओमानचा सुभेदार उस्मान सकफी याने ठाण्यावर आरमार पाठवले. खलिफांना विचारलेले नव्हते, त्यामुळे ते संतापले. एवढीच हकीकत आहे. ठाण्यात वस्ती झाली, मशीद उभी राहिली, असे बलाजुरी कोठेही म्हणत नाही. शिवाय तो वारला ८९२ मध्ये, म्हणजे घटना आणि लेखन यांत दोन शतकांहून अधिक अंतर आहे. तरीही ही नोंद हाती घेऊन कोकणावरील ‘पहिल्या आक्रमणा’ची प्रकरणेच्या प्रकरणे लिहिणारे आहेत. दुसरीकडे इराकचा सुभेदार हज्जाज बिन युसुफ याच्या जुलमाला कंटाळून कुफा-बसऱ्याची घराणी गलबतांत बसून इकडे आली, ही कोकणी मुसलमानांत सांगितली जाणारी परंपरा जशीच्या तशी इतिहास म्हणून छापणारेही आहेत. परंपरेला मान द्यावा. पुरावा म्हणून तिला उभे करू नये.

इस्लामच्या मूळ उगमाच्या अभ्यासातही हाच पेच आहे. पैगंबरांचे निधन ६३२ चे. त्यांचे विस्तृत चरित्र लिहिणारा इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारला आणि त्याचा ग्रंथ आज मुख्यतः इब्न हिशामने केलेल्या संस्करणातून वाचावा लागतो. म्हणून अभ्यासक सिरियाक आणि आर्मेनियन वृत्तांत, नाणी, शिलालेख यांच्याकडे वळले. हिजरी २२ (इ.स. ६४३) चा इजिप्तमधील एक पपायरस म्हणजे फौजेसाठी घेतलेल्या मेंढ्यांची ग्रीक आणि अरबी पावती आहे. त्या काळाबद्दल असा क्षुल्लक हिशेबी कागद जे निर्विवाद सांगतो, ते नंतरच्या थोर ग्रंथांना सांगता येत नाही.

अरब प्रवासी मात्र आपल्याच काळाबद्दल बोलतात, म्हणून त्यांचे मोल वेगळे. ८५१ मधील, सुलेमान व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तांतात ‘बल्हारा’ म्हणजे राष्ट्रकूट राजा अरबांचा चाहता असल्याचे म्हटले आहे. मसूदी हिजरी ३०४ मध्ये (९१६-१७) स्वतः सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच ‘हुनरमन’ नावाचा अधिकारी असे. स्थानिक राजाचे नाव मसूदी ‘जंज’ असे देतो. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ होय. दहा हजारांचा आकडा गोल आहे आणि तो मोजून घेतलेला नसणार. पण राजाचे नाव जुळते, यावरून माणूस जागेवर येऊन गेला हे पटते. इस्तखरी आणि इब्न हौकल या अरब भूगोलकारांनी चौल व डहाणूच्या उत्तरेकडील संजाण येथील जामा मशिदींचा उल्लेख केला आहे.

या सर्वांपेक्षा वजनदार साधन डहाणूजवळच्या चिंचणीत सापडले. ते आहे राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या काळातील शक ८४८ (इ.स. ९२६) चा ताम्रपट. त्यातून दिसते ते असे: दुसऱ्या कृष्णाने संजाण मंडळाचा सगळा कारभार मधुमति नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवला होता. मधुमति हे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्याने आसपासच्या बंदरांवरील ठाणेदारांना नमवून तेथे आपली माणसे बसवली. नदी ओलांडणाऱ्यांसाठी फुकट नावेची सोय केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले. त्यात भात, कालवण आणि तूप मिळे. आणि संजाणमध्ये बांधलेल्या एका मठिकेतील देवीच्या नैवेद्यासाठी व मठिकेच्या डागडुजीसाठी इंद्राच्या अनुमतीने त्याने गाव आणि जमीन दान दिली. हे दानपत्र कोणा प्रवाशाच्या ऐकीव गप्पा नव्हे आणि शतकांनंतर रचलेली बखरही नव्हे. दान ज्या वर्षी दिले त्याच वर्षीचा, राजमान्य दस्तऐवज आहे. दि. चं. सरकार यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त वाचून दिला, त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. तरीही मराठी पाठ्यपुस्तकांत कोकणातला इस्लाम थेट खिलजीच्या फौजेबरोबरच अवतरतो.

चिंचणीच्याच शिलाहारकालीन ताम्रपटात (शक ९५६, इ.स. १०३४) संजाणच्या प्रतिष्ठितांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावे येतात. त्याच ताम्रपटातील ‘हंजमन’ ही सभा म्हणजे पारशांची अंजुमन की अरबांची, हा वाद चालू आहे. गोव्यात कदंब पहिल्या जयकेशीच्या १०५९ च्या ताम्रपटात ताजिक घराण्यातील छडम आणि त्याने उभारलेली ‘मिजिगिती’, म्हणजे मशीद, येते. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावण्यात आला होता. शिलाहारांचे लेख वा. वि. मिराशी यांनी मराठीतही आणले. ते पुस्तक आज किती ग्रंथालयांत उघडले जाते, हे न विचारलेले बरे.

पुढची शतके, म्हणजे खिलजी, तुघलक, बहमनी यांची, सर्वपरिचित आहेत आणि साधनांच्या दृष्टीने फारशी रसाळ नाहीत. अपवाद अलिबागजवळच्या नागाव येथील हंबीररावाच्या शिलालेखाचा: त्या मराठी लेखात हिजरी ७६९ आणि शक १२८९ (इ.स. १३६७) असे दोन्ही काळ शेजारी कोरले आहेत. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’मध्ये तो वाचायला मिळतो.

ठाणे आणि चौल या दोन बंदरांच्या दरम्यान पनवेलची खाडी आहे. या टापूचा पद्धतशीर शोध अजून बाकी आहे. संस्कृत वाचणाऱ्याला अरबी येत नाही, अरबी वाचणाऱ्याला ताम्रपटाची लिपी येत नाही, आणि दोन्ही येणाऱ्यांची पिढी संपत आली. खाडीकाठच्या जुन्या कबरींचे दगड रस्तारुंदीत आणि भरावाखाली जाण्याआधी त्यांचे ठसे घेतले जावेत. पनवेल, तळोजे, उरणच्या घरांतून पेटीत पडलेला तांब्याचा पत्रा किंवा अरबी, फारसी, मोडी कागद असेल, तर तो भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी निदान त्याचे छायाचित्र अभ्यासकांपर्यंत पोहोचवावे.