नावात २३५, हिशेबात २३४

डिप्लीटेड युरेनियम, म्हणजे क्षीण केलेले युरेनियम, हे नाव मी १९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी प्रथम वाचले. चिलखत भेदणाऱ्या अमेरिकी तोफगोळ्यांत ते वापरले होते. युरेनियम शिशाच्या दीडपटीहून अधिक घन असते, म्हणून. पुढे कित्येक वर्षे माझी एक समजूत होती. त्यातले युरेनियम-२३५ हे ०.७२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांच्या आसपास आणलेले असते, तेव्हा किरणोत्सारही चौथ्या हिश्श्यावर आला असणार. एका व्याख्यानात मी तसे सांगूनही टाकले. कार्यक्रमानंतर एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, “पण मुळात २३५चा वाटा किती, ते मोजलंत का?”

घरी येऊन वही उघडली. एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये दर सेकंदाला सुमारे २५ हजार अणू फुटतात. त्यांतले साधारण १२,३०० युरेनियम-२३८चे. २३५चे फक्त पावणेसहाशे! उरलेले जवळपास साडेबारा हजार युरेनियम-२३४चे, आणि त्याचे प्रमाण तर अवघे ०.००५५ टक्के. इतक्या थोड्या अणूंचा एवढा वाटा कसा? उत्तर अर्धायुष्यात आहे. २३८चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, २३५चे ७० कोटी, तर २३४चे केवळ अडीच लाख वर्षे. २३४ हे २३८च्याच विघटनसाखळीत जन्मते. जुन्या, अबाधित खडकात जितके जन्मते तितकेच फुटते, म्हणून दोघांचा वाटा सारखा.

समृद्धीकरणात हलके अणू एका बाजूला जातात. २३४ तर २३५हूनही हलके, म्हणून तेही निघून जाते. मागे उरलेल्या एक ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे १४,८०० विघटने होतात. घट चाळीस टक्क्यांची, आणि ती मुख्यतः २३४मुळे. गेलेले २३४ पुन्हा भरून यायला लाखो वर्षे लागतील.

मात्र हा हिशेब अल्फा कणांचा झाला. २३८पासून होणारे थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ काही महिन्यांतच पूर्ववत जमतात. त्यांचे बीटा किरण जवळजवळ नैसर्गिक युरेनियमइतकेच राहतात.

म्हणून ‘चाळीस टक्के कमी, तेव्हा निर्धास्त राहा’ हे म्हणणे अपुरे आहे, आणि ‘हा अणुबॉम्बच’ हेही खोटे आहे. अल्फा कण कातडीपाशी अडतात. पण गोळा आदळून पेटल्यावर उडणारी बारीक धूळ श्वासातून आत गेली, तर कातडीचा आडोसा उरत नाही. शिवाय युरेनियम हा मूत्रपिंडाला घातक जड धातू आहे, आणि ते विष समस्थानिक बदलल्याने कमी होत नाही.

कोसोवोत सापडलेल्या गोळ्यांमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाला २००१ साली युरेनियम-२३६ आणि प्लुटोनियमचे अत्यल्प अंश आढळले. २३६ निसर्गात जवळपास नसतेच. ते अणुभट्टीत तयार होते. म्हणजे त्या धातूत भट्टीतून आलेले युरेनियम मिसळले होते. प्रमाण इतके थोडे की एकूण किरणोत्सारात फारसा फरक पडत नाही, पण धातू कुठून आला ते कळते.

त्या शिक्षकांचा प्रश्न आजही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. नाव वाचून भ्यायचे नाही आणि निर्धास्तही व्हायचे नाही. आधी वाटा मोजायचा.